उलटे आटे

दाजी पेठ. रात्रीची जेवणं झालेली.
नायना विचारतात, म्हणजे ओरडतात;
एकतीस वर्षं लूमच्या पुढ्यात उभा राहिलेला माणूस
हळू बोलायचं विसरतो:
"बिड्डा, जहाजावर तू करतेस काय नेमकं?"

मी आईकडं वाट्या मागते.
पालथ्या, एकावर एक, फरशीवर रचते.
सतरा निघतात. त्यातल्या दोन लग्नातल्या,
काठावर नाव कोरलेलं: अंबादास बोद्धुल यांजकडून.
आमच्याकडं एकशे आठ, मी सांगते,
पातळ चकत्या, प्रत्येकीवर नंबर,
नंबर मागंपुढं झालेला चालत नाही.
मग सगळी चळत एका भांड्यात बसवायची
आणि फिरवायची. मिनिटाला साडेसात हजार फेरे.
जड ते बाहेर जातं: पाणी, गाळ, लोखंडाची पूड.
हलकं ते चकत्यांमधून आत सरकत वर चढतं.
तेच तेल इंजिनाला.

"म्हणजे निवळी," आई म्हणते.

नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, तेही गढूळ.
ती तुरटी फिरवते, झाकण ठेवते,
आणि रात्रभर त्या पिंपाला कुणी हात लावायचा नाही.
हो आई, निवळीच.
फक्त जहाजाला रात्रभर थांबता येत नाही.

चार हजार तास झाले की मशीन उघडायचं.
त्या खोलीत पंचेचाळीस डिग्री.
सेकंड इंजिनिअर दारातच उभा होता,
मी कधी चक्कर येऊन पडते ते बघायला.
सोलापूरचा मे त्यानं पाहिलेला नव्हता.

एकेक चकती डिझेलमध्ये बुडवायची,
पितळेच्या पट्टीनं खरवडायची, लोखंडाच्या नाही.
रबरी रिंगा सगळ्या नव्या. जुनी रिंग
हातात कशी का चांगली दिसेना,
तिच्यावर दया करायची नाही.
वरची मोठी रिंग खूण खुणेला भिडेपर्यंत आवळायची.
खूण ओलांडून पुढं गेली
तर चकत्या झिजल्यात समजायचं,
आणि एक जास्तीची घालायची.

हे सगळं मी सांगते.
पहिल्या वेळचं मात्र सांगत नाही:
ती मोठी रिंग सुटेना म्हणून तासभर
शिशाच्या हातोड्यानं ठोकत राहिले,
ठोकत राहिले, खांदा उतरेपर्यंत.
सेल्वराज ऑइलर ड्रमवर बसून बघत होता.
शेवटी म्हणाला, मॅडम, उलटे आटे आहेत.
तासभर आवळत होते मी ती.

आणि ती रात्र.
मशीन जोडून चालू केलं, फेरे वाढले,
आवाज तर ठीक वाटत होता.
तरी बुडाच्या चौकटीवर तळहात ठेवला,
जसा नायना ठेवतात लूमवर,
कानांनी साथ सोडल्यापासून.
हाताला काहीतरी लागलं.
बारीक. दाताखाली खडा यावा तसं.
बंद केलं. फिरणं पूर्ण थांबायला वीस मिनिटं,
तोवर हात मागं.
उघडलं. बासष्ट नंबरच्या पाठीला
अंगठ्याएवढा गाळ, मीच सोडलेला.

नायना ऐकतात की नाही, कळत नाही.
ते वाट्या उचलतात, एकेक उलटी करून
पाठीवरून अंगठा फिरवतात.
अकराव्या वाटीला थांबतात:
"ही नीट धुतलेली नाही."
शेंगाचटणी, वाळलेली, काठाखाली.
आई वाटी हिसकावून घेते
आणि तेलुगूत जे बोलायचं ते बोलते.

ते उठतात. दारापर्यंत जातात, वळतात.
"उद्या तीन नंबर बघ की जरा. हादरायलाय."
बघते म्हणते मी.
"आणि मागच्या नटाला जोर लावत बसू नको बे,"
सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं ओरडतात,
"त्याचे आटे उलटे आहेत."