गाली

नागमणी नावाची पोरगी स्कूटीवर मशीन घेऊन आली,
दत्तनगरात दोन बोळ चुकून.
म्हणाली, मल्लेशम काका, हे लावून लगेच झोपायचं नाही.
आधी जागेपणी ओळख करून घ्या.

म्हणून मी बातम्या बघत बसलो,
नाकावर रबराची वाटी, डोक्यामागे पट्टे.
राजव्वाच्या सुपात तंबाखू. ती वर बघेना.
विडीचं तोंड दुमडता दुमडता
हसू दाबत होती.

रिपोर्टात लिहिलंय, तासाला अडतीस वेळा श्वास थांबतो.
एकतीस वर्षं मी जॉबर.
तासाला अडतीस वेळा थांबणारा माग
मालकाला भंगारात काढायला लावला असता.

ताण हा माझ्या हातातला विषय.
ताणा सैल तर चादरीवरचा मोर वाकडा,
जास्त ओढला तर सूत तुटतं.
तरी या चार पट्ट्यांनी आठ दिवस चकवलं:
आवळले की नाकाच्या दांड्यावर लाल वळ,
सोडले की मिशीखालून फुस्स.
मिशी लग्नाच्याही आधीची.
बुधवारी अशोक चौकात जाऊन काढून टाकली.
न्हाव्याने वस्तरा थांबवून विचारलं,
घरात कोण गेलं का?
म्हटलं, नाही. कुणी जाऊ नये म्हणून.

पाण्याचं आणखी वेगळंच.
आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी,
आणि मशीनला हवं मेडिकलमधलं, बाटलीतलं, विकतचं.
"जावयापरीस लाड हेचे," राजव्वा म्हणाली
आणि बाटली देवघराशेजारी ठेवली.

पहिल्या रात्री वाटलं, कुणीतरी तोंडावर उशी दाबायलंय.
तिसऱ्या रात्री झोपेतच उपटून फेकलं.
सकाळी कॉटखाली सापडलं,
चालूच,
फरशीला वारा घालत.

कारखान्यात चोवीस मागांच्या खडखडाटात
मला उभ्या उभ्या डुलकी लागायची.
एक माग बंद पडला की खाडकन डोळे उघडायचे.
आवाज उठवत नाही माणसाला, आवाजाचं थांबणं उठवतं.
हे मला माहीत होतं.
राजव्वालाही माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं.
चौदा वर्षं
माझं घोरणं थांबलं की ती अंधारात उठून बसायची,
विड्या मोजायच्या बोटांनी मोजायची,
अठरा, एकोणीस, वीस,
आणि कोपर मारायची बरगडीत.
मी खेकसायचो, झोपू दे की जरा.

आता मशीन आधी मऊ फुंकतं, मग हळूहळू जोर धरतं.
धोटा जातो, धोटा येतो.
मधे धागा तुटत नाही.
आणि घोरणं गेलं तशी तिची झोप गेली.

काल उकाडा असा, की भिंतीही तव्यासारख्या.
कूस बदलून बदलून शेवटी तिने हात पुढे केला,
मास्कच्या बारीक भोकांसमोर धरला,
जिथून माझा श्वास बाहेर पडतो.
"गाली," म्हणाली.
आमच्या तेलुगूत गाली म्हणजे वारा.
मराठीत काय, ते तिलाही ठाऊक आहे.
हात काढून तिने गाल तिथे आणला.

मला काही बोलता येईना,
तोंड उघडलं की हवा पळते.

अडीचला लाईट गेली.
मशीन थांबलं, मी डोळे उघडले,
तर ती आधीच उठून बसलेली,
कोपर तयार.