उरलेला काळ

पाटोवरच्या केंद्रात एसी इतका की
टोकन क्रमांक सत्तेचाळीस
हातातल्या हातात गार पडला.
काचेपलीकडच्या मुलीनं माझं नाव दोनदा वाचलं,
दोन वेगळ्या माणसांना हाक मारावी तसं.
जन्मदाखल्यावर पुंडोलिका सिनाई कुंकोलिएंकार,
पासपोर्टवर पुंडलीक कुंकळ्येकर.
“अंकल, हे दोघं एकच आहेत
याचं प्रतिज्ञापत्र लागेल.”

काय सांगू तिला,
की पहिला जन्मला तेव्हा
कारकुनाच्या टाकाला आमचा ळ येत नव्हता,
आणि दुसरा चौतीस वर्षं
म्हापशाच्या मामलेदार कचेरीत
नेमकं हेच वाक्य
चष्म्यावरून बोलत बसला होता.

अर्जाची पानं सतरा.
उत्पन्न: पेन्शन.
रुपयांत बरी दिसते, युरोत केली की
कढईतल्या तांबड्या भाजीसारखी खाली बसते.
निवास: आग्नेलची मागची खोली. खिडकीतून नदी दिसते म्हणे.
गुन्हे: नाहीत, तसं पोलिसांनीच लिहून दिलंय.
किती काळ राहणार?
लिहिलं, उरलेला.
मुलीनं खोडायला लावलं.
महिन्यांत लिहा, म्हणाली.

चुलतभाऊ हसतात.
एकसष्टच्या आधीचा जन्म तुझा,
त्यांच्या वहीत नोंदव,
पासपोर्ट घरबसल्या येईल,
निवृत्तांच्या रांगेत कशाला उभा राहतोस?
त्यांचं खरं आहे. त्या सगळ्यांनी नोंदवला.

पण बाबा आग्वादला चौदा महिने आत होते.
सुटून आले, तुरुंगाचं अवाक्षर काढलं नाही,
फक्त पाव खायचे बंद झाले.
एकदा विहिरीवर दात घासता घासता म्हणाले,
त्यांच्या वहीतून आपण आपलं नाव काढून आणलंय, पुंडलीक.
आणि चूळ भरली.
म्हणून हा लांबचा रस्ता.
नागरिक नको, पाहुणा.
पाहुण्याला निदान परत जा म्हणता येतं.
हे बाबांना चाललं असतं का, ठाऊक नाही.
फॉर्म भरताना मी खुर्ची फिरवून घेतली,
त्यांच्या फोटोकडे पाठ येईल अशी.

प्रयोजन, असा एक रकाना आहे.
कुमुदिनी म्हणाली, लिही, शेजार.
पलीकडच्या भाटात आठ व्हिला झाले,
आठही बंद.
तिन्हीसांजेला त्यांचे दिवे आपसूक लागतात
आणि कुणी हाक मारत नाही.
रकाना दीड इंचाचा.
मी लिहिलं, हवापालट.

स्टँपपेपर घेऊन बाजारातून येताना
पियदाद दिसली, हरमलच्या मिरच्यांच्या राशीमागे.
रेशनकार्डावर पिदाद, जन्मदाखल्यावर पियेदादे.
एक-चौदावर नाव चढवायला
अकरा वेळा आली होती हळदोण्याहून,
एकदा तापानं फणफणलेलं पोर कडेवर घेऊन.
ती माझ्याआधी
माझ्या काखेतली फाइल ओळखून बसली.

म्हटलं, पाव किलो दे.
तिनं मिरच्यांकडे पाहिलं, मग फाइलीकडे.
“सायबा, फाल्यां यो.”
हसली, की नाही हसली,
उन्हाला धरलेल्या हाताखाली दिसलं नाही.
मग तराजू उचलला,
नीट तोलून दिल्या,
आणि वर एक मूठ, न मागता.
ती मूठ घरी येईस्तोवर
पिशवीत वेगळी जड लागत राहिली.

कुमुदिनीनं मिरच्या बरणीत भरल्या.
झाकण फिरवता फिरवता विचारलं,
ह्या इथे ठेवायच्या, की न्यायच्या?

मी सही करत होतो.
पुंडोलिका कागदावर उतरला होता,
कुंकळ्येकर अजून व्हायचा होता.
पेन तिथंच धरून मी म्हटलं,
राहू दे सध्या
ओट्यावरच.