पाव फेरा

दिवसा लख्ख दिसतं, नेरीनाबाई फोनवर म्हणाली,
पोस्टमनच्या मिशीचे केस मोजून घ्या.
रात्र झाली की दारात उभा राहतो तो नुसता
धुक्याचा गोळा.
मुलगी आली तरी गोळा, औषधवाला आला तरी गोळा.
परवा एका गोळ्याला मी वरून दार उघडलं,
तो जिन्याखालची सायकल घेऊन गेला.

त्रिएस्तेत हे घरोघरी.
समुद्र या गल्लीपर्यंत चढत नाही,
पण त्याचं मीठ चढतं, बोरा वाऱ्याच्या पाठीवर बसून,
आणि दारावरच्या एवढ्याशा काचेवर
वर्षानुवर्षं साय धरतं.

साडेआठला शिडी लावली.
आधी पुसलं. फडकं काळं निघालं, मग करडं, मग
फडक्याच्याच रंगाचं.
मग जाळं. कॅमेऱ्याभोवती बारा दिवे आहेत,
आपल्याला न दिसणारे; चिलटांना त्यांची ऊब कळते,
आणि चिलटांचं कोळ्याला.
त्याला कागदावर घेऊन पीरोन कुटुंबाच्या पत्रपेटीवर सोडलं.
ते कुटुंब कधीच बेल्जियमला गेलंय.
मग काच उघडली. आतली फोमची चकती आक्रसून
मनुक्यासारखी झालेली,
त्यामुळे दिव्यांचा उजेड काचेवर आपटून
आतल्या आतच परत फिरत होता.
बिचारा कॅमेरा स्वतःच्याच दिव्यांनी दिपलेला.
नवी चकती बसवली. बटण दाबलं.

"गोळाच," स्पीकर म्हणाला. "पण आता खांदे आहेत."

ज्याच्या हाताखाली शिकलो तो स्टेलियो सांगायचा,
दिवसा जुळवलेलं भिंग रात्री चुकतं.
लालच्या पलीकडचा उजेड वेगळ्या ठिकाणी जमतो.
रात्रीचं रात्रीच जुळव, अंधारात उभा राहून,
आणि बघायला वर माणूस ठेव.

म्हणून सांगितलं, बाई, दिवस जरा भुरकट होईल. चालेल?
"दिवसा मला खिडकी आहे," ती म्हणाली.

भिंगाच्या आट्यांवरचा जुना गोंद खरवडला.
पाव फेरा उजवीकडे. हात काढून समोर उभा राहिलो.
"वाईट."
पाव फेरा डावीकडे.
"नाक आलं."
आणखी केसभर.
"थांब. थांब म्हणते ना! माणूस आहेस की तू."
मग चार मजले वर थोडा वेळ कुणी बोललं नाही.
"डाव्या गालावर दाढी राहिलीय."
हो.
"डोळे मांजरासारखे चमकतायत."
ते सगळ्यांचेच, बाई, या दिव्यात.
"आणि अशा घाणीच्या कामाला पांढरा कोट कशाला घातलास रे?"

कोट काळा आहे.
मागच्या महिन्यात आईला पोचवायला घेतला,
दुसरा गरम नाही म्हणून घालतो.
काही काळ्या कापडांवरून हा उजेड असाच परततो,
पांढरा होऊन. हे मला माहीत होतं.
वर, तिच्या तळहाताएवढ्या पडद्यात,
मी कसा दिसत असेन, ते मात्र
आत्तापर्यंत मनात आलं नव्हतं.
"कॅमेऱ्याची खोड आहे," मी म्हणालो. "रंग कळत नाहीत त्याला."

गोंदाचा थेंब दिला. दहा मिनिटं भिंगाला धक्का नको,
आणि वारा तर दार खिळखिळं करायला उठलेला,
म्हणून दोन्ही हातांचा आडोसा करून उभा राहिलो.
"आता तुझे पंजेच दिसतात," ती म्हणाली. "नखं काप."

तो पडदा दीड मिनिटाने आपोआप विझतो.
तिने आत जाऊन बसायला हरकत नव्हती.
पण दर दीड मिनिटाने स्पीकरमध्ये टक् व्हायचं,
म्हणजे तिने पुन्हा बटण दाबलं.
टक्.
मी सात मोजले.