पाठ दाखवताना

पहाटे चारला पावांची शेवटची खेप भट्टीतून काढते
आणि तशीच, पिठाच्या हातांनी,
इद्रिसच्या जिमचं कुलूप उघडते.
लानेल्लीत त्या वेळी सीगल तेवढे जागे असतात
आणि खाडीवरचा एक लाल दिवा.

नाव नेरिस. वय एक्केचाळीस.
स्टेजवर जायचं पहिल्यांदाच म्हणते आहे.
इद्रिस म्हणाला, अंग झालंय तयार, आता संस्था निवड.
मला वाटायचं, स्पर्धा म्हणजे स्पर्धा, त्यात काय निवडायचं?
तो म्हणाला, सोयरिकीसारखं आहे,
मुलगा नंतर, आधी घर पाहायचं.

मग निघालो घरं पाहायला
त्याच्या गळक्या व्हॅनमधून, डब्यात भात आणि बिनमिठाचा मासा.

पहिलं कार्डिफला. धुराचे लोट, निळे झोत,
चिंचेनं घासलेल्या पितळेसारख्या मांड्या.
फी माझ्या दोन आठवड्यांच्या पगाराएवढी,
रंगाचे वेगळे, फोटोचे वेगळे,
आणि काय घेतेस, काय टोचतेस,
हे कुणी कुणाला विचारत नाही.
एक मुलगी बोलली तर आवाज
थेट माझ्या वडिलांचा.
तिनेच मला बसायला खुर्ची दिली, अर्धं केळंही.
तिला मी नावं ठेवणार नाही.

दुसरं ब्रिस्टलला. तिथे बिकिनीवरचे खडे मोजतात.
आयोजक माझ्याकडे बघून म्हणाला,
खांदे थोडे कमी करता येतील का?
पंधरा वर्षं पिठाची पोती वाहिलेले खांदे.
मी कोट घातला. व्हॅनमध्ये इद्रिस काहीच बोलला नाही,
फक्त हीटर माझ्या बाजूला वळवला.

तिसरं जुलैत, ब्रेकनजवळ, एका शाळेच्या हॉलमध्ये.
पडद्याला ठिगळ. दाराशी चहाची किटली.
भूगोलाच्या वर्गात, नकाशांखाली,
खोटं पकडायचं यंत्र मांडलेलं.
नियम एकच मोठा: सात वर्षं स्वच्छ.
शेवटच्या नंबरच्या बाईशेजारी
परीक्षक वही घेऊन वीस मिनिटं बसली,
पायऱ्यांवर, हातवारे करत.
मी इद्रिसला म्हटलं, हे घर.

घरी येऊन बोटं मोजली.
हायवेलबरोबर राहत होते त्या हिवाळ्यात,
त्याच्या ड्रॉवरमधल्या गोळ्या, सहा आठवडे.
त्याने दिल्या म्हणून नाही. मीच मागितल्या.
सहा वर्षं चार महिने झाले.

आठ महिने म्हणजे काय, इद्रिस म्हणाला,
आणि मग स्वतःच गप्प झाला.
यंत्राचं मला भय नव्हतं तितकं.
पण जन्मभर अंग चोरून जगले,
लग्नात, कामावर, आरशात,
आता कुठे अंग कमावलं,
ते घेऊन पुन्हा अंग चोरत उभं राहायचं?

कार्डिफचा अर्ज दोन रात्री टेबलावर होता.
तिथे कुणीच विचारलं नसतं.
दुसऱ्या रात्री त्यावर चहाचा कप ठेवला.

ब्रेकनला पत्र लिहिलं, तारखांसकट.
उत्तर आलं, एलुनेड प्रिचर्डबाईंचं, तिरक्या अक्षरात:
मार्चनंतर या. जागा धरून ठेवते.
ऑक्टोबरात नंबर लावायला माणूस कमी आहे,
पिना टोचता येतात का?

येतात.
पडद्यामागे एक पोरगी लटलट कापत होती,
अठ्ठावीस नंबर, ओठ सुकलेले.
म्हणाली, मी पहिल्यांदाच.
म्हटलं, मी त्याच्याही आधीची. फिर, पाठ दाखव.
आमच्यात पाठ दाखवणं म्हणजे पळून जाणं,
इथे त्यालाच गुण.
ती वळली. हात वर घेतले.
बाई गं, काय पाठ होती!

दुसऱ्या पहाटे कणकेवर
माझी तपकिरी बोटं उमटली, पाचही.
मालकीण ओरडली. मी परत हात धुतले,
रंग काही गेला नाही.