तिसऱ्या कार्बनावरचा फुटवा

राणी फेब्रुवारीत मेली, मंगळवारी.
बाहेर उणे तेवीस,
तळ्यावर ट्रॅक्टर पेलेल एवढा बर्फ.
सैमीने तिला चिमट्याने उचललं.
सतरा वर्षांची, मागचा एक पाय कधीचाच गळालेला.
वहीत वेळ लिहिली : सकाळी नऊ दहा.
मुंग्यांना कोणी काही सांगितलं नाही.

त्यांना माझा मणी दिला.

काचेचा, मोहरीएवढा.
वर जे फासलं होतं ते मी आठवडाभर शिजवलेलं.
शिजवलेलं म्हणायचं, पण सगळं बर्फात :
कोरडं ईथर, मॅग्नेशियम,
आणि नखावर मावेल इतका तांब्याचा क्षार.
कार्बनांचे दोन तुकडे
बांधावरून भांडलेल्या भावांसारखे
पाठीला पाठ लावून बसलेले.
तांबं मध्ये जातं. कुणाच्या कानात काय सांगतं
ते आम्ही कागदावर बाण काढून दाखवतो,
पाहिलेलं कुणीच नाही.
द्रावण नारिंगी, मग काळपट,
आणि सांधा बसलेला असतो :
एकतीस कार्बनांची सरळ रांग,
तिसऱ्यावर एकच फुटवा.
पहिल्या खेपेत तो फुटवा माझ्याकडून भलतीकडे गेला,
तर मुंग्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

अमोनियाने धुताना तांबं निळंशार झालं
आणि नळीतून खाली उतरून गेलं.
लग्न जमवून जेवायला न थांबणाऱ्या माणसासारखं.
बाहीवर एक डाग राहिला तेवढा.

मण्याला त्यांनी आधी चाटलं.
मग ओढत ओढत ओलसर कोपऱ्यात नेलं,
अंधारात,
आणि वेढा घालून बसल्या, तोंडं आत.
सैमी दर आठवड्याला दहाजणींची पोटं
सूक्ष्मदर्शकाखाली उघडायची.
अंडं धरलंय का?
शून्य. शून्य. शून्य.
राणी आहे म्हटल्यावर कशाला धरतील.
आम्ही दोघी खूश. निबंध होईल असा निकाल.

ही राणी ओइवाने पकडलेली.
जुलैत, पंखांच्या मुंग्या उडतात त्या दुपारी,
बस थांब्यावर, स्वतःच्याच शर्टाच्या बाहीवर.
परीक्षानळीत ओला कापूस घालून
खिशातून आणली होती त्याने युवास्क्युलापर्यंत.
आता तो सारियार्वीच्या वृद्धाश्रमात असतो.
दर गुरुवारी फोन.
"राणी कशी आहे?"
"बरी आहे," मी म्हणते.
एकदा म्हटलं, "दरबार भरलाय अगदी."
हे खोटं नव्हतं.

चौथ्या गुरुवारी तो कॉफी पीत होता,
वेलदोड्याचा पाव बुडवत असणार,
बोलणं जरा ओलं येत होतं.
"आणि अंडी?"
मी बाहीवरच्या निळ्या डागाकडे बघत राहिले.
"तेल्लेर्वो, अंडी किती?"

सतरा वर्षं त्याने ती मोजली होती,
सुट्टीच्या दिवशीसुद्धा, बायकोच्या आजारपणातसुद्धा.
वास बनवता येतो. मी बनवला.
रांग, फुटवा, सगळं जागच्या जागी.

पलीकडे बराच वेळ चमचा कपात फिरत होता.
"मग त्यांना किती दिवस थांबवणार आहेस?"
एवढंच विचारलं त्याने,
आणि जेवणाची घंटा झाली म्हणून फोन ठेवला.
घंटा मला काही ऐकू आली नाही.

प्रयोगाच्या आराखड्यात मणी काढण्याची तारीख
एप्रिलमधली होती.
मी मार्चमध्येच काढला.
सैमी बोलली मला, बोलायलाच हवं होतं तिने.
चिमट्याला सहाजणी लोंबकळत वर आल्या,
एकेकीला ब्रशने खाली सोडावं लागलं.

दोन दिवस त्या रिकाम्या जागेभोवती तशाच बसल्या.
मग भांडणं.
मग एक कोपरा सोडून गेली, तिच्यामागे दुसरी.

विसाव्या दिवशी ओल्या प्लास्टरवर
एक ठिपका, साखरेच्या कणाहून लहान.
कुणा कामकरणीचा.
त्यातून निघाला तर नरच निघेल,
वसाहत काही त्याने तगायची नाही,
हे आम्हा दोघींना पाठ होतं.
तरी सैमीने दिवा जवळ ओढला,
पुन्हा पाहिलं,
आणि वहीत लिहिलं : एक.

आज बुधवार.
उद्या सांगायला माझ्याकडे आकडा आहे.