केस

सिंदेवाही. लाइट गेलेली, जनरेटरची घरघर.
वनमाला गुरनुले, वय बारा,
पोटात वरच्या अंगाला दगडासारखं काही.
अंगारे-धुपारे करून झालेले.

जठर उघडलं, तर
जठराच्याच घडणीचा काळा गोळा,
शेपूट थेट आतड्यात.
शिकाऊ पोरगा मास्कमधून म्हणाला, सर, रेअर केस!

रात्री ट्रेमध्ये चिमट्यानं उकलत बसलो.
रिबिनीची दशी. मग हातभर लांब केस.
पोरीचे तर कानापर्यंत,
आश्रमशाळेनं उवांपायी कापलेले.

बाप बाहेर कडुनिंबाखाली, दुपट्टा पिळत :
"तिची माय फनी झाली का गुंता कुडात खोसे.
केसवाली आली का गंज घेऊ म्हने.
पांढरे झाल्ते सारे.
माय गेली पोळ्याले. मंग पाह्यलं तं कूड रिकामा.
मले वाटलं, चिमन्यायनं नेले."

पांढरे.
आत गेले की आम्लानं सगळेच काळे होतात.

नोंदवहीत लिहिलं : आठशे ग्रॅम.
कोणाचे, असा रकाना नाही.

आठव्या दिवशी टाके काढताना
वनमाला वॉर्डाच्या गुळगुळीत भिंतीत
सांध शोधत होती.
"काढलं थे," तिनं विचारलं, "कुठी ठेवलं?"