खंड तिसरा

पाच खंड होते. वाचनालयात चारच.
मुजावर चाचा रजिस्टर फिरवून दाखवायचे:
खंड तिसरा, सभासद क्रमांक चारशे बारा,
सौ. इंदुमती सांगावकर. नेल्याची तारीख आहे,
परतीचा रकाना कोरा.
"आणतील गं. पुस्तक काय घरात शिजवून खाणार हाईत?"
खाली शाहूपुरीतल्या अडतीवरून गुळाचा वास जिन्याने वर यायचा
आणि पानांना चिकटायचा.

मी आठवीत. दुसऱ्या खंडाच्या शेवटी
राजकन्या नदीकाठी एकटी, मुठीत निम्मी मोहर,
काळ्या पाण्यातून एक नावाडी येतो
नि म्हणतो, "बस."
चौथा खंड उघडावा
तर ती पलीकडच्या तीरावर, केस कापलेले, कमरेला तलवार,
नावाड्याचं कुठे नावही नाही.

मग मधलं मी रचलं.
रंकाळ्याच्या कठड्यावर, दहा पैशांच्या फुटाण्यांवर,
धाकट्या सुजितला रोज थोडं थोडं.
पन्हाळा म्हणजे असुरांचा गड, हे तर ठरलेलंच.
जोतिबाचा गुलाल हा झोपलेल्या अजगराचा श्वास.
पंचगंगेच्या पुरात घाटावरची देवळं कळसापर्यंत बुडाली की
मी म्हणायचे, बघ, हेच ते बुडालेलं नगर,
आणि सुजित खरंच घाबरायचा.
माझ्या खंडात नावाडी मरत नव्हता.
वल्हं टाकून तो उद्यमनगरात मोल्डर होत होता
आणि राजकन्येची तलवार रात्रीत ओतून देत होता.
दादांनी हे ऐकलं. हाताची काळी वाळू झटकत हसले,
"बिडाची तलवार? पहिल्या घावाला दोन तुकडे.
तलवार घडवावी लागते, बाई. ओतून होत नाही."

परवा लक्ष्मीपुरीत, रद्दीच्या काट्यावर,
दहावीच्या गाईडांखाली
खंड तिसरा.
किलोच्या भावात आला. अकरा रुपये.

रात्री भांडी आवरून बसले.
आता वाचताना भलतंच दिसतं.
चाळीस हजारांचं सैन्य, पण पीठ कुणी मळलं?
राजा अर्धं पान बोलतो आणि पोरं दुसऱ्यांची जातात.
तो पांढऱ्या दाढीचा ज्ञानी, ज्याच्यासाठी मी जीव टाकायचे,
त्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक आहे
आणि सांगतो मात्र हप्त्याहप्त्याने.
आणि ती. ती चौदा वर्षांची आहे.
माझ्याच वयाची होती, तरी मला केवढी मोठी वाटायची.
साठ पानांत एकानेही तिला विचारलेलं नाही,
जेवलीस का.

पान एकसष्ट.
"बाण लागून नावाडी पाण्यात पडला, आणि नाव पुढे निघाली."
एवढंच. एक स्वल्पविराम, आणि नाव पुढे.
मी ते वाक्य परत वाचलं. खाली अजून काही असेल म्हणून
बोट पानावरून खाली नेलं.
खाली दुधाचा हिशोब होता, शिसपेन्सिलीत,
आणि त्याच हातानं, त्याहून बारीक,
"हे असे नको होते."

बासष्टपासून पानं कडेला जुळलेली.
छापखान्यातून आली तशीच,
सुरी न लागलेली.

इंदुमतीबाई, तुम्ही कुठल्या गल्लीत राहत होता?
मी तुम्हाला चोर म्हणायचे.

साडेअकराला सुजितला फोन लावला, पुण्याला.
"तिसरा सापडला."
तो झोपेतून उठला होता, तरी लगेच कळलं त्याला.
"मग? नावाड्याचं काय होतं?"
स्वयंपाकघरात नळ टपकत होता.
"तलवार ओततो," मी म्हणाले.
तिकडे जरा वेळ काहीच नाही, मग हसू,
हुबेहूब दादांचं,
"बिडाची?"

फोन ठेवला.
कांद्याची सुरी धुऊन, पुसून घेतली
आणि बासष्टावं पान सोडवायला बसले.